सल्लागाराची खुर्ची आणि एका वर्षाचे अनुदान

लहान उद्योगांना सल्ला देणाऱ्या स्थानिक संस्थांवर सरकारी पैसा खर्च करावा का, या प्रश्नावरची चर्चा बहुतेक वेळा रकमेपाशी सुरू होते आणि रकमेपाशीच संपते. किती निधी दिला, गेल्या वर्षीपेक्षा किती कमी केला, त्यातून किती नोकऱ्या निर्माण झाल्या, एवढेच विचारले जाते. अशा एका केंद्रात मी नऊ वर्षे सल्लागार म्हणून काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून माझी खात्री झाली आहे की रकमेहूनही महत्त्वाचा प्रश्न मुदतीचा आहे. पैसा किती आला यापेक्षा तो पुढे किती काळ येत राहणार हे केंद्राला ठाऊक आहे की नाही, यावर ते केंद्र कोणाच्या उपयोगी पडेल की नाही हे ठरते.

असे केंद्र नेमके काय करते हे बाहेरून कळत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एक उद्योजिका आमच्याकडे कर्जाचा अर्ज भरून घेण्यासाठी आल्या होत्या. मागणी वाढली आहे, कच्चा माल घ्यायला हातात पैसा नाही, तेव्हा कर्ज हवे, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. अर्ज भरून देणे हे अर्ध्या तासाचे काम होते. परंतु त्यांच्या वह्या आणि बिले घेऊन दोन वेळा बसल्यावर असे दिसले की निम्म्याहून अधिक विक्री एकाच मोठ्या ग्राहकाला होत होती आणि तो ग्राहक चार-चार महिने पैसे देत नव्हता, तर कागदाचा पुरवठादार मात्र रोख मागत होता. म्हणजे त्यांनी कर्ज काढले असते, तर व्याज त्यांनी भरले असते आणि त्या पैशाचा उपयोग तो ग्राहक करत राहिला असता. पुढचे आठ महिने आम्ही येणी किती आणि देणी किती याचा दर आठवड्याचा तक्ता मांडायला शिकलो, त्या ग्राहकाशी आगाऊ रकमेबद्दल बोलण्याची तयारी केली, आणि दोन लहान पण वेळेवर पैसे देणारे ग्राहक जोडले. त्यांनी कर्ज घेतलेच नाही. त्या वर्षीच्या आमच्या अहवालात या सगळ्या कामाची नोंद ‘मंजूर कर्ज शून्य, नवीन नोकऱ्या शून्य’ अशी झाली.

हे काम बाजारातले खासगी सल्लागार का करत नाहीत, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. माझ्या मते त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की सल्ल्याची किंमत तो घेऊन झाल्यावरच कळते. ज्याला आपले नेमके काय चुकते आहे हेच माहीत नाही, तो त्या चुकीच्या निदानासाठी आधी पैसे मोजायला तयार होत नाही, आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज असते त्याच्याजवळ त्या क्षणी पैसेच नसतात. दुसरे कारण असे की कर, परवाने, नोंदणी, कामगारविषयक नियम यांचा भार आकाराच्या प्रमाणात वाढत नाही. पाचशे माणसांची कंपनी त्यासाठी वेगळा विभाग ठेवते. पाच माणसांच्या उद्योगात तेच काम मालक रात्री, यंत्र बंद झाल्यावर करतो. नियम सरकारने केलेले असतात, त्यामुळे ते समजावून सांगण्याचा खर्चही काही प्रमाणात सरकारनेच उचलावा यात मला उपकाराचा भाग दिसत नाही.

सार्वजनिक पैशाने जाग्यावर जाऊन सल्ला देण्याची कल्पना मुळात शेतीतून आली. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विस्तार सेवेला केंद्र, राज्य आणि परगणा अशा तिघांच्या पैशाचा आधार दिला, आणि विद्यापीठातले ज्ञान शेताच्या बांधापर्यंत नेणारा माणूस नेमला. हीच रीत लहान व्यवसायांसाठी वापरून पाहावी म्हणून १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना येथील विद्यापीठात एक प्रायोगिक केंद्र सुरू झाले, आणि १९८० च्या कायद्याने लघुउद्योग विकास केंद्रांचे जाळे रीतसर उभे राहिले. भारतात याच सुमारास, १९७८ मध्ये, एकाच छपराखाली सगळी मदत मिळावी या हेतूने जिल्हा उद्योग केंद्रांचा कार्यक्रम आखला गेला. अमेरिकेने १९८८ मध्ये लहान कारखानदारांसाठी वेगळी केंद्रे काढण्याची तरतूद केली; ती आज सर्व ५० राज्यांत आणि पोर्टो रिकोमध्ये आहेत.

या अमेरिकी केंद्रांच्या निधीचा पाया समान वाट्याच्या अटीवर उभा आहे. लघुउद्योग विकास केंद्राला केंद्र सरकारकडून जितकी रक्कम मिळते तितकीच राज्याकडून, विद्यापीठाकडून किंवा स्थानिक संस्थांकडून उभी करावी लागते, आणि त्यातला किमान निम्मा भाग रोखीत असावा लागतो. जागा दिली, टेबल-खुर्च्या दिल्या, एवढ्यावर भागत नाही. अट चांगली आहे. ज्यांच्यासाठी केंद्र आहे त्या भागाने खिशातून काही घातले, तर ते केंद्र नीट चालते का याकडे त्या भागाचे लक्ष राहते. परंतु तिच्यातला धोका मंदीच्या काळात दिसतो. मंदी आली की राज्याचा महसूल घटतो, राज्य आपला वाटा कापते, आणि त्या कापलेल्या वाट्याबरोबर केंद्र सरकारचा तितकाच वाटाही हातचा जातो. ज्या वर्षी दारात सर्वांत जास्त माणसे उभी असतात, त्याच वर्षी केंद्राला दुहेरी फटका बसतो. २०२० च्या महासाथीत अमेरिकी संसदेने या केंद्रांना जो जादा निधी दिला त्याला समान वाट्याची अट लावली नाही, ती याच कारणाने शहाणपणाची गोष्ट होती. मात्र संकट ओसरले की असा निधीही ओसरतो.

कारखानदारी केंद्रांच्या बाबतीत मुदतीचा प्रश्न अधिक उघडपणे समोर आला. १९८८ मध्ये योजना आखताना अशी समजूत होती की सरकारने सहा वर्षे पैसा द्यावा आणि त्यानंतर केंद्राने स्वतःच्या पायावर उभे राहावे. १९९८ मध्ये ही मर्यादा काढून टाकली गेली, तरी सुरुवातीची तीन वर्षे निम्मा खर्च, मग चाळीस टक्के आणि पाचव्या वर्षापासून एक तृतीयांश, अशी उतरती भाजणी पुढे बरीच वर्षे चालू राहिली. याचा परिणाम काय होतो हे अशा ठिकाणी काम केलेल्या कोणालाही सांगता येईल. केंद्राने शुल्कावर जगायचे ठरवले की ते शुल्क देऊ शकणाऱ्याकडे जाते. शंभर माणसांचा कारखाना सल्ल्याचे पैसे देतो, आठ माणसांचा देत नाही. तेव्हा आठ माणसांच्या कारखान्यात कोणी जात नाही, आणि ज्या कारणासाठी सार्वजनिक पैसा द्यायला सुरुवात झाली ते कारणच मागे पडते. २०१७ च्या कायद्याने केंद्र सरकारचा वाटा पुन्हा सरसकट निम्म्यापर्यंत नेता येईल अशी दुरुस्ती केली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये दहा केंद्रांना त्यांच्या निधीचे नूतनीकरण होणार नाही असे अचानक कळवण्यात आले, आणि मग थोड्याच दिवसांत तात्पुरती मुदतवाढ देण्यात आली. मुदतवाढ मिळाली म्हणून नुकसान टळले असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात अशा पत्रानंतर केंद्रातली जाणती माणसे दुसरीकडे अर्ज करायला लागतात, आणि पहिल्यांदा तीच जातात ज्यांना बाहेर मागणी असते.

मुदतीचा आणि नावांचा सर्वांत लांबलेला घोळ मला इंग्लंडच्या इतिहासात दिसतो. १९७१ मध्ये बोल्टन समितीने लहान उद्योगांविषयीचा अहवाल दिला आणि सरकारी सल्लासेवेची सुरुवात झाली. १९९० च्या सुमारास प्रशिक्षण आणि उद्योग परिषदा आल्या. १९९३ पासून ‘बिझनेस लिंक’ या सल्लासेवेची कार्यालये उघडली. २००१ मध्ये परिषदा बंद झाल्या. २००५ मध्ये बिझनेस लिंक प्रादेशिक विकास संस्थांकडे गेली, २०११ मध्ये तिची प्रादेशिक सल्लासेवा थांबली, आणि २०१२ मध्ये त्या विकास संस्थाच गुंडाळल्या गेल्या. मधल्या काळात स्थानिक उद्योग भागीदाऱ्या नावाच्या नव्या संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांच्याखाली ‘ग्रोथ हब’ नावाची सल्लाकेंद्रे आली. एप्रिल २०२४ पासून या भागीदाऱ्यांचाही सरकारी निधी थांबला आणि त्यांची कामे स्थानिक प्रशासनाकडे गेली.

यातला प्रत्येक बदल करणाऱ्यांकडे त्या वेळी सांगण्यासारखे कारण होते, हे मी मान्य करतो. संस्था फार झाल्या, कामे एकमेकांवर चढली, खर्चाचा हिशेब लागेना, ही कारणे खोटी नव्हती. परंतु हाच क्रम एखाद्या उद्योजकाच्या बाजूने पाहिला, तर वयाच्या तिसाव्या वर्षी धंदा सुरू करून साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाला मदतीसाठी चार-पाच वेगवेगळी दारे शोधावी लागली, आणि प्रत्येक दारात आपली कहाणी नव्याने सांगावी लागली. शिवाय या सेवांना आधार देणारा पैसाही आखडत गेला. युरोपीय संघाचा प्रादेशिक विकास निधी सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मिळत असे. संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने त्याच्या जागी आणलेला सामायिक समृद्धी निधी २.६ अब्ज पौंडांचा होता, पण त्याची मुदत एप्रिल २०२२ ते मार्च २०२५ अशी जेमतेम तीन वर्षांची होती. आणि ती संपल्यावर २०२५-२६ साठी ९० कोटी पौंडांची एक वर्षाची संक्रमणकालीन तरतूद झाली. सातावरून तीनवर, तीनवरून एकावर. एका वर्षाच्या पैशावर माणूस कसा नेमला जातो हे मला चांगले माहीत आहे: पहिले तीन महिने जाहिरात आणि मुलाखतींत जातात, पुढचे तीन शिकण्यात, आणि शेवटचे तीन त्याला दुसरी नोकरी शोधण्यात. उरलेल्या तीन महिन्यांत तो सल्ला देतो.

त्याच बेटावर स्कॉटलंडने वेगळा मार्ग धरला. तिथली ‘बिझनेस गेटवे’ ही सेवा २००८ मध्ये स्थानिक परिषदांच्या हाती दिली गेली, आणि तिचे नाव व दार आजही तेच आहे. आयर्लंडमध्ये १९९३ पासून परगण्यांतली उद्योग मंडळे काम करत होती. २०१४ मध्ये ती विसर्जित करून ३१ स्थानिक उद्योग कार्यालये थेट स्थानिक प्रशासनात बसवली गेली. वीस-एकवीस वर्षांत एक मोठा बदल, हे प्रमाण मला सोसण्याजोगे वाटते. दहापर्यंत माणसे असलेल्या उद्योगांवर त्या मंडळांचा आणि कार्यालयांचा भर राहिला, म्हणजे आपण कोणासाठी आहोत याविषयी संदिग्धता नव्हती.

मात्र मला सर्वांत जास्त शिकवले ते जपानच्या व्यवस्थेने. तिथे १९६० च्या कायद्याने गावोगावच्या वाणिज्य-उद्योग संघांना मान्यता मिळाली आणि त्यांत बसणाऱ्या व्यवसाय मार्गदर्शकांच्या पगाराला सार्वजनिक पैशाचा आधार मिळाला. पैसा योजनेला न देता माणसाच्या पगाराला द्यायचा, हा त्यातला निर्णायक भाग आहे. १९७३ मध्ये याच्या जोडीला एक कर्जयोजना आली. तारण नाही, जामीनदार नाही. त्याऐवजी संघाची किंवा वाणिज्य मंडळाची शिफारस लागते, आणि ती शिफारस मिळण्यासाठी उद्योजकाने साधारणपणे सहा महिने त्या मार्गदर्शकाचे मार्गदर्शन घेतलेले असावे लागते. या अटीचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. मार्गदर्शकाला त्या उद्योजकाचे हिशेब, सवयी, शब्द पाळण्याची रीत ठाऊक झालेली असते, आणि ती ओळखच तारणाची जागा घेते. आता असा विचार करा की मार्गदर्शकाची नेमणूक दर मार्चअखेर संपत असती आणि जूनमध्ये नवा माणूस येत असता. सहा महिन्यांची ती अट कोणाला पूर्ण करता आली असती?

जर्मनीत हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. उद्योग-व्यापार मंडळांचे सदस्यत्व तिथे १९५६ च्या कायद्याने सक्तीचे आहे, आणि मंडळे चालतात ती सदस्यांच्या वर्गणीवर. सक्तीविरुद्ध तक्रार झाली तेव्हा २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती वैध ठरवली. ही वर्गणी सरकारी अनुदान नाही, पण कायद्याने मिळणारा पैसा असल्याने तो दर वर्षी कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. सक्तीचे सदस्यत्व सगळीकडे चालेल असे मला वाटत नाही. जिथे उद्योगांची नोंदणीच अपुरी आहे तिथे तर मुळीच नाही.

आता विरोधी बाजूकडे वळतो. तिच्यातला गंभीर आक्षेप असा आहे की मदत घेतलेल्या उद्योगांची वाढ झाली, तरी ती मदतीमुळेच झाली हे कशावरून? जो मालक स्वतःहून केंद्रात येतो तो मुळातच धडपड्या असतो; तो न येताही वाढलाच असता. आमच्यासारख्या संस्थांचे अहवाल या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, हे मी स्पष्टपणे कबूल करतो. उत्तर मिळते ते काळजीपूर्वक आखलेल्या प्रयोगांतून. मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यात एका सरकारी संस्थेच्या मदतीने ४३२ लहान-मध्यम उद्योगांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे १५० निवडले गेले आणि त्यांना वर्षभर सवलतीच्या दरात सल्लागार दिला गेला. मिरियम ब्रून, डीन कार्लन आणि ॲन्टोनेट शोअर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात उत्पादकता वाढल्याचे दिसले, आणि नोकऱ्यांमधली वाढ काही वर्षांनंतरच्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदींतून समोर आली. सल्ला एका वर्षाचा होता, पण रोजगारावरचा परिणाम मोजायला अनेक वर्षे वाट पाहावी लागली. वार्षिक अनुदानाच्या अहवालात, जो दहाव्या महिन्यात लिहायला घ्यावा लागतो, असा परिणाम उमटणे शक्यच नाही.

त्यामुळे मोजमापच चुकीच्या गोष्टीचे होते, आणि जे मोजले जाते त्याकडे संस्था झुकते. किती लोक कार्यशाळेला आले, किती अर्ज पाठवले, किती नोकऱ्यांचा दावा केला. शेवटच्या रकान्यासाठी सल्लागार कसे वागायला लागतात हे मी जवळून पाहिले आहे: जो उद्योग असाही चार माणसे घेणारच आहे, त्याच्याकडे एक भेट द्यायची आणि ती चार माणसे आपल्या खात्यावर लिहायची. याउलट, या कामातले सर्वांत मोलाचे दोन सल्ले कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. एक, हा धंदा सुरू करू नका. दोन, हा धंदा आता, घर गहाण पडण्याआधी, बंद करा. असे सांगितल्यामुळे एखाद्या कुटुंबाची बचत वाचली, पुरवठादारांची येणी फिटली, कामगारांचा शेवटचा पगार झाला, तर ते सार्वजनिक पैशाचे चांगले फळ आहे. अहवालात मात्र ते ‘बंद पडलेला उद्योग’ म्हणून उणे बाजूला जाते.

दुसरा आक्षेप असा की या संस्था शेवटी आपल्याच पगारांसाठी जगतात, त्यापेक्षा तो पैसा थेट उद्योगांना वाटावा. काही संस्थांबाबत हे खरे आहे आणि त्या बंद व्हाव्यात, असे मलाही वाटते. परंतु थेट वाटप करताना कोणाला द्यायचे हे कोणीतरी ठरवावेच लागते, आणि जवळून ओळखणारा माणूस नसेल तर ते सुबक अर्ज लिहिणाऱ्याला मिळते. मी वर सांगितलेल्या उद्योजिकेला त्या वेळी थेट रक्कम मिळाली असती, तर ती दोन महिन्यांत त्या ग्राहकाच्या उधारीत विरघळली असती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. केंद्राच्या मूळ खर्चासाठी, म्हणजे सल्लागारांचे पगार, जागा आणि नोंदी ठेवण्याची व्यवस्था यांसाठी, किमान पाच वर्षांची बांधिलकी हवी. चौथ्या वर्षी बाहेरच्या लोकांकडून कसून तपासणी व्हावी आणि ती पार न करणाऱ्या केंद्राला पूर्ण एक वर्ष आधी सांगून निधी थांबवावा. स्थानिक वाट्याची अट ठेवावी, पण महसूल घसरलेल्या वर्षी ती आपोआप सैल व्हावी. त्यासाठी प्रत्येक वेळी नवा कायदा करण्याची वेळ येऊ नये. खास योजनांसाठीचा अल्पमुदतीचा पैसा या पायावर जरूर यावा, पायाच्या जागी मात्र येऊ नये. आणि संस्थेचे नाव बदलायचेच असेल, तर जुन्या नोंदी उद्योजकांच्या संमतीने नव्या संस्थेकडे जातील अशी तरतूद त्याच आदेशात असावी.

हा शेवटचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटेल, पण आमच्या केंद्राचा निधी एके वर्षी सात महिने अडकला तेव्हा सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले. आम्हा सहा सल्लागारांपैकी चौघे गेले. ज्या उद्योगांचे काम अर्ध्यावर होते त्यांच्या फायली कपाटात राहिल्या, आणि पुढे दुसऱ्या नावाची संस्था त्याच इमारतीत आली तेव्हा त्या कोणाच्या मालकीच्या हेच ठरेना. खोकी बनवणाऱ्या त्या उद्योजिका त्यानंतर दीड वर्षाने, या वेळी खरोखरच कर्जाची गरज असताना, तिथे गेल्या. त्यांच्यापुढे कोरा अर्ज ठेवण्यात आला आणि पहिला प्रश्न विचारला गेला की तुमचा व्यवसाय कोणता. त्यांनी मला फोन करून त्या जुन्या तक्त्यांची प्रत आहे का असे विचारले. ती माझ्याकडे नव्हती. नियमानुसार ती केंद्रातच ठेवायची होती.